बी बँकेतला सातवा आवाज

४ फेब्रुवारी

चि. खुडबुडे,

आशीर्वाद आहेतच, ते काही संपत नाहीत. माझा सिंथसायझर काल तुझ्याकडे यायला निघाला. सामान नेणाऱ्या दोघांनी पेटी जिन्यावरून अशी उतरवली की माझा जीव नुसता वरखाली होत होता. मी ‘हळू, हळू’ म्हणत होतो आणि ते दोघं माझ्याकडे बघून हसत होते. मी किती जोरात बोलतो ते मला कळत नाही ना. खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बाहेर आली, म्हणजे बऱ्यापैकी जोरात असणार.

कानांचं विचारशील तर डावा पुरता गेला. उजव्यात काहीतरी गुरगुरतं, पण त्यातून शब्द निघत नाहीत. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र लावलं की सगळीकडे भांडी आपटतात, म्हणून ते डबीत ठेवलंय. फोनवर मी ‘काय? काय?’ करतो आणि तू रडवेली होतेस, त्यापेक्षा पत्र बरं. आणि मोबाइलवर टाइप कर, असा शहाणपणा शिकवू नकोस. चाळीस वर्षं कीबोर्डच्या पट्ट्यांवर चालवलेली बोटं आहेत ही, त्या इवल्या अक्षरांवर मावत नाहीत.

आता नीट वाच. सिंथ चालू केल्यावर वीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही. तापू दे. थंड असताना तो बेसूरच बोलणार, आणि तू लगेच सूर लावायला जाशील, मला माहीत आहे. डावीकडून तिसरी पट्टी अडकते, तिला खालून बोटानं उचलायची. आणि नॉबवर विश्वास ठेवायचा नाही. मेमरीत जपलेला आवाज तू बोलावलास की नॉब एकीकडे असतात आणि आवाज भलताच. नॉब फिरवलास की मग तो खरं बोलायला लागतो. म्हणून मेमरीतला आवाज पुसला गेला, तर नॉब बघून तो परत उभा करता येत नाही.

मेमरीचे दोन कप्पे आहेत, ए आणि बी, त्यांना बँक म्हणतात. ए बँकेतले आवाज माझे, ऑर्केस्ट्रातले. त्यांचं काहीही कर. बी बँकेतला सात नंबर मात्र तुझ्या मामीचा.

तिनं जन्मात एकदाच त्या सिंथला हात लावला. एका रविवारी दुपारी अर्धा तास नॉब फिरवत बसली, एक आवाज केला आणि म्हणाली, ‘हा ठेव.’ मी ठेवला. ती गेल्यापासून सहा वर्षं रोज सकाळी मी तो एकदा वाजवायचो. मधली एकच पट्टी, चार-पाच सेकंद. गेल्या वर्षी एका सकाळी पट्टी दाबली, दिवा लागला, आणि काहीच नाही. मी सगळ्या केबल काढून परत लावल्या. मग लक्षात आलं, केबल ठीक आहेत.

म्हणून सिंथ तुझ्याकडे. घरात असा आवाज पडून राहावा आणि ऐकायला कोणी नसावं, हे मला सोसेना. तो कसा आहे ते मी सांगणार नाही. तू ऐक आणि मला लिही. तुझ्या लिहिण्यातून मला तो एकदा ऐकायचा आहे. त्याची नक्कल कुठेही नाही, कॅसेटवर काढून ठेवा असं सगळे म्हणायचे आणि मी आळशी. मागच्या बाजूला मेमरीच्या कुलपाचा छोटा खटका आहे, तो बंद आहे, बंदच असू दे.

पोस्टातला म्हणाला, पत्र पेटीच्या आधी पोचेल.

मामा


१३ फेब्रुवारी
(हे पत्र टाकलं नाही)

मामा,

पत्र आज पोचलं. सिंथ नऊ तारखेलाच आला.

मला इतका आनंद झाला होता की मी जेवायलाही उठले नाही. टेबल रिकामं केलं, तुझा सिंथ कॉम्प्युटरला जोडला. हल्ली अशा जुन्या सिंथसाठी एक प्रोग्रॅम मिळतो. सिंथच्या आतले सगळे आवाज कॉम्प्युटरच्या पडद्यावर मांडून दाखवतो आणि प्रोग्रॅमबरोबर दोनेकशे तयार आवाजही येतात. मला ते तयार आवाज तुझ्या सिंथवर ऐकायचे होते. तुझे नव्हे. तुझे मला पाठ आहेत असं वाटलं, लहानपणापासून ऐकलेत. ‘सगळे पाठव’ असं बटण होतं. दाबलं. प्रोग्रॅम म्हणाला, लिहिता येत नाही, कुलूप आहे. मी मागे हात घातला, खटका चाचपला आणि उघडला. परत दाबलं. चाळीस सेकंदांत दोन्ही बँका भरल्या.

बी बँकेत सात नंबरला आता कुठल्यातरी परक्या माणसानं केलेला बासरीसारखा आवाज आहे. त्याला नावसुद्धा आहे, ‘सकाळची हवा’.

मी सगळीकडे शोधलं. मामीचा तो आवाज मी एकदाही ऐकलेला नाही, त्यामुळे काय शोधतेय तेही मला माहीत नाही. ए बँकेतले तुझे आवाज निदान जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आहेत. हा कुठेच नाही. कुलूप उघडायच्या आधी एकदा, फक्त एकदा, सगळे नंबर वाजवून बघायला काय झालं होतं मला? हे तुला लिहू कसं? तुला ऐकू येत नाही आणि तू मला म्हणतोस, माझ्यासाठी ऐक


१५ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. सिंथ सुखरूप पोचला, एक ओरखडा नाही. वीस मिनिटं तापू देते, शपथ. तिसरी पट्टी अडकते, पण आता माझ्या बोटाला सवय झाली.

माझी खोली तुला आठवते ना, पलीकडे धुण्याचं मशीन असलेली? तिथेच खिडकीखाली ठेवलाय. सध्या एका छोट्या फिल्मचं काम आहे, दिवे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. व्हायोलिनचा ताफा, पियानो वगैरे सगळं कॉम्प्युटरमधलं. ती वाद्यं फार आज्ञाधारक आहेत, काल वाजवलं तसंच आज, उद्याही तसंच. तुझा सिंथ मात्र दर वेळी थोडा वेगळा बोलतो. सकाळी घेतलेला सूर आणि दुपारी घेतलेला सूर एकावर एक ठेवले तर ते एकमेकांना हलकेच घासतात. पहिल्यांदा मी वैतागले, सुधारायला बसले. मग सुधारलेलं ऐकलं आणि ते मेलं होतं. आता ठरवलंय, जे हलायला नको ते कॉम्प्युटरवर आणि जे जिवंत हवं ते तुझ्या सिंथवर. सिंथचा सूर कॉम्प्युटरपर्यंत पोचायला डोळ्याची पापणी लवेल एवढा उशीर होतो, तेवढं हातानं मागे ओढून घ्यावं लागतं. घरी म्हणतात, तू आता दोन सवती एका खोलीत ठेवल्यास.

बी बँकेतला सात नंबर ऐकला, मामा. मधली पट्टी, तू सांगितलीस तशी. फार मऊ आहे. सकाळी खिडकी उघडल्यावर आत येतं ना, तसं काहीतरी. पट्टी सोडल्यावरही जरा वेळ रेंगाळतो. मामीसारखाच आहे.

तब्येत सांभाळ.

तुझी खुडबुडी


२७ फेब्रुवारी

चि. खुडबुडे,

पत्र तीनदा वाचलं. सवतींचं वाचून हसू आलं. एकमेकांना घासणारे सूर सुधारलेस तर याद राख, ती त्याची जात आहे. आमच्या ऑर्केस्ट्राचा गायक दर कार्यक्रमात माझ्याकडे डोळे वटारून बघायचा, कारण हॉल तापला की हा पठ्ठ्या वर चढायचा. शेवटी गायकच त्याच्यामागे जायला शिकला.

पण मऊ? मऊ म्हणजे काय गं?

तुझ्या मामीला कोणी मऊ म्हटलं असतं तर तिनं मागे वळून पाहिलं असतं, कोणाबद्दल चाललंय म्हणून. आणि पट्टी सोडल्यावर तो रेंगाळत नाही. पट्टी सोडली की खट्कन तुटतो. निदान मला तसा आठवतो. तू मधलीच पट्टी दाबलीस ना? बँक बी? ‘बी’ची लाल कळ आहे, हिरवी नव्हे.

मला फार सांगायचं नाही, नाहीतर तू माझ्याच मनातलं मला लिहून पाठवशील. परत ऐक. त्यात खरखर आहे का, एवढंच सांग.

मामा


८ मार्च

ती. मामा,

परत ऐकला. लाल कळ, मधली पट्टी. मऊच आहे.

मी विचार केला आणि मला कारण सापडलं. तुझा तो जुना स्पीकर! त्याच्या आतला कागद फाटलेला होता. फाडलेला म्हण हवं तर, मीच सात वर्षांची असताना त्यात पेन्सिल खुपसली होती आणि तू मला दिवसभर माझ्या नावानं हाक मारली नव्हतीस, ‘ए पेन्सिल’ म्हणत होतास. फाटक्या कागदातून मऊ आवाजही खरखरणार आणि शेपूट तुटल्यासारखा वाटणार. माझे स्पीकर नवे आहेत, त्यातून आहे तसा ऐकू येतो. म्हणजे इतकी वर्षं तू मामीच्या आवाजात थोडा स्पीकरचाही आवाज ऐकत होतास. आता खरा कळला, असं समज.

फिल्मचं काम चांगलं चाललंय. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, खालून जे काहीतरी श्वास घेतं ते ठेवा. ते तुझं आहे.

तुझी खुडबुडी


१९ एप्रिल

चि. खुडबुडे,

उशीर झाला. आजारी वगैरे नव्हतो, काळजी करू नकोस. लिहायला बसायचो आणि पेन खाली ठेवायचो.

स्पीकरचं तुझं म्हणणं पटलं. पटायला दीड महिना लागला इतकंच. मी तो स्पीकर माळ्यावरून काढून बघितला. कागद फाटलाय खरा, चांगला बोटभर. आधी मला राग आला, तुझा नव्हे, माझाच. स्वतःला वादक म्हणवतो आणि बायकोनं केलेला एक आवाज आणि फाटका कागद यातला फरक मला कळला नाही. तुझे कान तरुण आहेत, स्पीकर नवा आहे, आणि तू काही खोटं बोलणाऱ्यातली नाहीस. मग चूक माझीच असणार.

तर आता मी एक करतो. सिंथ गेला तरी माझी सकाळची सवय गेली नाही. खुर्चीत बसतो आणि तो आवाज मनात वाजवतो. तसा तो रोज यायचा, न बोलावता. खरखरीत यायचा. आता तो तसा आला की मी त्याला थांबवतो आणि तू लिहिलंस तसा ऐकायचा प्रयत्न करतो. मऊ. खिडकी उघडल्यासारखा. सुरुवातीला जमत नव्हतं, तो आपला जुनाच घुसायचा. पण गेल्या आठवड्यापासून थोडं थोडं जमायला लागलंय. परवा तर जुना आलाच नाही. तुझ्या पत्रातली ती ओळ समोर ठेवून बसतो, त्यानं सोपं जातं.

तिचं तिच्यासारखं आठवलं पाहिजे. माझ्या चुकीच्या कानांनी तिला खरखरीत करून ठेवलं होतं, हे काही बरं नाही. तू वेळेवर सांगितलंस, फार उपकार झाले.

आणखी काही बारकावा लक्षात आला तर लिही. जितकं लिहिशील तितकं मला हवंच आहे.

मामा


२५ एप्रिल

मामा,

थांब. आज सकाळी काही केलं असशील तर उद्यापासून करू नकोस. मी लिहिलेला मऊ आवाज मामीचा नाही. मी मामीचा आवाज ऐकलेलाच नाही.

तुझं पत्र पोचायच्या चार दिवस आधी सिंथ आला होता. मी तो कॉम्प्युटरला जोडला आणि त्यात नवे आवाज भरले. कुलूप होतं, ते मी माझ्या हातानं उघडलं. दोन्ही बँका पुसल्या गेल्या. त्यात काय होतं ते मी ऐकूनही पाहिलं नाही. सात नंबरवर आता दुसऱ्याच कोणीतरी केलेला आवाज आहे, आणि तुला लिहिलं ते त्याचं वर्णन आहे. तू विचारलंस तेव्हा मी स्पीकरची गोष्ट रचली. कागद फाटला होता हे खरं, बाकी सगळं मी जुळवलं. छान जुळलं म्हणून मी त्या दिवशी खूशही झाले होते, हेही तुला सांगून टाकते.

मला वाटलं, तुला ऐकू येत नाही, तर निदान शब्द तरी चांगले मिळू देत. खरं तर मला तुझी भीती वाटत होती. तू ओरडशील याची नव्हे. तू नुसतं ‘बरं’ म्हणशील याची.

पण आता तू जे करतोयस ते वाचलं आणि मी लगेच लिहायला बसले. सिंथमधला आवाज मी चुकून पुसला. तुझ्या डोक्यातला मी जाणूनबुजून पुसतेय, आणि तो आता तेवढा एकच उरलाय. मामा, तुला आठवतं तेच खरं आहे. खरखर होती. शेपूट तुटत होतं. मामी मऊ नव्हती, मलाही माहीत आहे ते, मला दोनदा कान पकडून उभं केलं होतं तिनं. माझी पत्रं फाडून टाक. ती ओळ समोर ठेवू नकोस.

माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही, पण म्हणतेच. माफ कर.

खुडबुडी


२ मे

पत्र मिळालं. सध्या लिहीत नाही.

मामा


१६ मे

ती. मामा,

तू लिहीत नाहीस ते मला समजतं. तरी रोज खाली जाऊन पत्रपेटी बघते.

सिंथ बंद ठेवलाय. परत पाठवू का? फिल्मचं काम कॉम्प्युटरच्या वाद्यांवर पुरं करते, बाईंना काय सांगायचं ते सांगेन. की असं करू, तुला जे आठवतं ते मला लिही, मी सात नंबरवर तो आवाज नव्यानं करते? खरखर किती, सुरुवात कशी, शेवट कसा. तू सांगत जा, मी नॉब फिरवत जाईन. मला जमेल, मामा. वर्ष लागलं तरी चालेल. काहीतरी सांग. शिव्या दिल्यास तरी चालतील, त्या मी जपून ठेवीन.

खुडबुडी


२९ मे

चि. खुडबुडे,

शिव्या पहिल्या दोन दिवसांतच देऊन झाल्या. मोठ्यानं दिल्या असणार, कारण खालची बाई वर आली आणि खुणांनी विचारायला लागली, डॉक्टर बोलावू का. तिला काय सांगणार, माझ्या बहिणीच्या मुलीनं खटका उघडला म्हणून?

फार चिडलो गं तुझ्यावर. सिंथ पुसलास त्याचा राग एक दिवस टिकला. यंत्र आहे, आज ना उद्या त्याची बॅटरी गेली असती आणि सगळं तसंही गेलं असतं, नक्कल न काढणारा गाढव मीच. पण तू मला माझ्याच बायकोबद्दल खोटं पढवलंस, आणि मी म्हातारा माणूस शाळेतल्या पोरासारखा रोज सकाळी बसून ते पाठ करत होतो. त्याचा राग अजून आहे. तो कधी जाईल ते मला माहीत नाही. असो. राग आहे म्हणून पत्र लिहायचं नाही, असं तर काही नाही.

मुद्दा वेगळाच आहे. तुझं पत्र आल्यावर मी खुर्चीत बसलो आणि जुना आवाज बोलावला. आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तुझा तो मऊ बासरीवाला मात्र हजर. सतरा दिवस, पोरी. सतरा दिवस मला वाटत होतं की तो गेला, आणि ती माझ्यासमोर दुसऱ्यांदा गेली. म्हणून लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

अठराव्या दिवशी मी चष्मा करायला गेलो. काच फुटली होती. तुझी मामी कुठे कामाला होती ते तुला आठवत असेल, अशाच दुकानात, मागच्या खोलीत. काचा घासायच्या चाकावर बत्तीस वर्षं. तर मी दुकानात बाकावर बसलो होतो, ऐकू तर काही येत नव्हतं, पण मागचं चाक सुरू झालं आणि बाक थरथरायला लागलं. खाली मांड्यांना लागत होतं. काच चाकाला टेकली की ते अडखळतं, रेटा वाढला की ओरडतं, आणि काच उचलली की खट्कन थांबतं. आणि तिथे, त्या बाकावर, तो आला. अख्खा. जसा होता तसा.

आता तुला सांगतो, जे मी लपवलं होतं. तोही लबाडपणाच होता, तू एकटीच नाहीस. मी तुला तो आवाज असा सांगितला, जणू काही देव्हाऱ्यातली वस्तू. तो आवाज भयंकर होता. त्या रविवारी ती म्हणाली, ‘तू मला रोज तुझे सूर ऐकवतोस, आज माझे ऐक.’ आणि अर्धा तास खपून तिनं ते काचा घासायचं चाक माझ्या सिंथवर उभं केलं. बरोब्बर. इतकं बरोबर की मी पहिल्या झटक्यात पोट धरून हसलो. तीही हसली. शेजारचे आले, त्यांना ऐकवला, तेही हसले. नंतर घरात कोणी पाहुणा आला की ‘वहिनींचं गाणं लाव’ म्हणायचा, आणि ऐकून जो हसला नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस, म्हणून राहून गेलीस.

ती गेल्यावर मी तो सकाळी एकटा वाजवायला लागलो तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की हे ती बत्तीस वर्षं रोज आठ तास ऐकत होती. आणि संध्याकाळी घरी येऊन माझे सूर. तिनं तक्रार म्हणून केला होता की गंमत म्हणून, ते मी विचारलं नाही. हसण्यात राहून गेलं. हे तुला सांगायची लाज वाटली, म्हणून तुला म्हटलं, तू ऐक आणि तू सांग. वाटलं, तू चांगल्या कानांची, तुला कळेल. आणि तू ‘मऊ’ म्हणालीस तेव्हा चाक, हसणं सगळं बाजूला सारून मी तेच धरून बसलो, कारण तो मऊ असता तर तिची तक्रार नसती.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सिंथ परत पाठवायचा नाही. तो कामाचा आहे, त्याला काम कर म्हणावं. त्या फिल्मच्या बाईंना श्वास हवाय तर द्या. सात नंबरवर नवा आवाज करायचा नाही. तू करशील, मला विचारशील ‘असाच ना?’, मला ऐकू येणार नाही, आणि तुझं मन राखायला मी ‘हो’ म्हणेन. मग परत माझ्या डोक्यात दोन होतील. मला ते एकदा झालं, पुरे.

त्यापेक्षा तू ये. पुढच्या रविवारी दुपारी ये, कॉम्प्युटर आणू नकोस. मी गेले आठ दिवस आरशासमोर सराव करतोय. तो आवाज मी तोंडानं काढून दाखवणार आहे. घसा आणि ओठ कसे थरथरतात ते हात लावून जुळवलंय, अडखळणं जमतंय, ओरडणं जमतंय, शेवटचं तुटणं अजून थोडं लांबतं. खालची बाई परत येऊन गेली, या वेळी डॉक्टरांचा नंबर लिहूनच आणला होता.

मला स्वतःला तो ऐकू येणार नाही. बरोबर निघतोय की नाही ते मी तुझ्या तोंडाकडे बघून ठरवणार. तेव्हा कृपा कर आणि माझी मर्जी राखायला हसू नकोस. हसू आलं तर हस. नाही आलं तर गप्प बसून राहा, मी पुन्हा काढेन.

मामा